रांजण बोलतात तोवर

त्या चैत्रात नत्थूजी वाठोडकर दुपारभर रांजणांशी गप्पा मारायचे आणि घरात कुणालाही त्याचं काही वाटत नसे. अठ्ठेचाळीस वर्षं द्राक्षासव घातलेला माणूस तो. मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले होते, पण कान असे तिखट, की नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत सायकलरिक्षा वळली तर नुसत्या कुरकुरीवरून ती कोणाची ते सांगत. मोहल्ल्यातली टवाळ मंडळी 'वाठोडकर मनुकांची दारू विकते' म्हणून हसायची. नत्थूजी म्हणायचे, "औषध हाय बापा. इश्वास नसंल त दोन चमचे घे, अन् दोनाचे चार चमचे झाले त मले नको सांगू."

आसवाचं असं असतं. मनुकांचा काढा आटवायचा, त्यात गूळ घालायचा, ते आंबावं म्हणून धायटीची फुलं घालायची, आणि आतून तूप चोपडलेल्या रांजणात भरून तोंडाला कापड बांधायचं. मग चारदोन दिवसांत रांजण बोलायला लागतो. आत बुडबुडे फुटत राहतात आणि कान लावला की सों सों, सुं सुं असं ऐकू येतं. महिना-दीड महिन्यानं तो गप्प झाला की आसव तयार. बाकीचे लोक कापड सोडून आत दिवा उतरवून पाहायचे. विझला तर कच्चं, तेवत राहिला तर पक्कं. नत्थूजींना दिव्याची गरज कधी पडली नव्हती. त्यांचा कान म्हणजे घरातला शेवटचा शब्द.

त्या साली, म्हणजे एकोणऐंशीला, कोठीत तीन रांजण होते. दोन गप्प झाले होते. तिसरा काही केल्या गप्प होत नव्हता.

जेवण झालं की नत्थूजी भिंत चाचपत कोठीत यायचे. बाहेर ऊन नुसतं रटरटत असायचं, आत मात्र अंधार, गारवा, आणि मनुकांचा तो जडशीळ गोड वास. बाजेवर आडवं झालं की डोळे मिटायचेही कष्ट नव्हते. अर्धवट झोपेत तिसऱ्या रांजणाचा आवाज यायचा. कधी बारीक शीळ घातल्यासारखा, कधी घरघर, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्या आवाजात त्यांना काहीतरी फार ओळखीचं वाटायचं. दोनचार दिवसांनी त्यांच्या ध्यानात आलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. ही तर रंभा!

त्यांच्या बायकोला, रंभाबाईला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटची दोन-तीन वर्षं ती याच कोठीत, याच कोपऱ्यात चटई टाकून पडायची. आता ती रांजणात येऊन बोलते, असं एखाद्याला सांगितलं असतं तर लोकांनी म्हाताऱ्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. पण मनातून सुखावले. रोज जेवताना घाई करायला लागले.

"काय म्हनतं वं, रंभे?" ते हळूच विचारायचे. "नाई ना पटून राहिलं तुले? मलेही नाई पटून राहिलं."

पटत काय नव्हतं, तर भट्टी विझवायचं.

ती भट्टी म्हणजे रंभाबाईचं माहेर होतं. लग्नानंतर भिवापूरहून बैलगाडीत येताना तिनं खापरात माहेरचा विस्तव आणला होता, राखेत झाकून, मांडीवर धरून, साऱ्या रस्ताभर. त्यावर आसवाची पहिली भट्टी पेटली आणि तेव्हापासून ती विझली नव्हती. रोज संध्याकाळी निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी फुंकणीनं फुलवायचे, हे घरातल्या थोरल्या सुनेचं काम. रंभाबाईनंतर ते गोपिकाकडे आलं होतं. तशी लग्न होऊन आली त्याच वर्षापासून ती सासूच्या हाताखाली भट्टीवर बसत होती, म्हणजे एकूण बावीस वर्षं. कधी हूं की चूं नाही. सून असावी तर अशी, असं नत्थूजी चारचौघांत सांगायचे.

आणि या भट्टीवर उठली होती कोण, तर गोपिकाचीच पोरगी! शामला कॉलेजात सायन्स शिकायची. तिनं गच्चीवर पसरट पत्र्याच्या पराती काळ्या रंगवल्या होत्या, त्यांवर जुन्या खिडक्यांच्या काचा बसवल्या होत्या, आणि नागपूरच्या उन्हावर काढा आटवून दाखवला होता. भट्टीवर एका दिवसात व्हायचा तो चार दिवसांत झाला, पण झाला. काडीभर लाकूड नाही की चिमूटभर धूर नाही. फाल्गुनात तिनं आजोबांशी पैज लावली होती. दोन रांजण भट्टीच्या काढ्याचे, एक उन्हाचा. अक्षय तृतीयेला तिन्ही उघडायचे. उन्हाचा रांजण नीट पिकला असेल, तर भट्टी कायमची विझवायची.

नत्थूजींनी हसत हसत हो म्हटलं होतं. ऊन म्हणजे काय आसव पिकवणार, पापड वाळवायचं ते! आणि झालंही तसंच. भट्टीचे दोन वेळेवर गप्प झाले. बोलत राहिला तो उन्हाचा.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी गोपिकानं पितरांच्या घागरी भरल्या. सासऱ्यांच्या आईवडिलांची एकेक, आणि एक रंभाबाईच्या नावाची, वाळा घातलेल्या गार पाण्याची, वर आंबा ठेवलेली. पूजा झाली, आमरस झाला, कुरडया झाल्या. गांधीबागेतल्या दुकानावरून धाकटा मुलगा मनोहर मुद्दाम दुपारी घरी आला. आणि सगळेच्या सगळे नत्थूजींच्या मागोमाग कोठीत शिरले, तेव्हा म्हाताऱ्याला जरा रागच आला. ही त्याची आणि रंभेची वेळ होती.

"बाबा," थोरला मुलगा, म्हणजे गोपिकाचा नवरा रुपराव, म्हणाला, "आज उघडायचं ठरलं होतं."

"दोन उघडा. तिसरा कच्चा हाय."

"छप्पन दिवस झाले, बाबा!"

"मंग? कच्च्याले पक्कं म्हनू का? कान हाय ना मले."

"आबाजी, दिवा लावून पाहू ना," शामला म्हणाली. "एकदा पाहायले काय जाते?"

"पोट्टे, तुह्या बापाचा बाप दिव्याशिवाय आसव काढते. तो रांजण बोलून राहिला अजून. मी रोज ऐकतो."

मनोहर बाजेच्या काठावर बसला. बाज कुरकुरली त्यावरून पोटाचा घेर वाढलाय हे नत्थूजींनी ताडलं. मनोहर कायम ज्याचं पारडं जड त्याच्या बाजूला असायचा आणि आज त्याला बापाचं जड वाटत होतं.

"बाबाचं बराबर हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येते ते भट्टीच्या चवीसाठी. त्याले काय सांगू मी, का उन्हात ठेवलं होतं म्हनून? आपल्या आसवाले धुराचा वास हाय थोडासा. तोच त आपला मार्का!"

"काका, धूर औषधात असते का कधी?"

"अवं, पन आजवर कोनी मेलं का त्यानं?"

 शामला एकदम गप्प झाली आणि नत्थूजींना वाटलं, हरली पोरगी. त्यांना तिची जरा दया आली. नातीवर जीव होता त्यांचा.

"शामे, इकडं ये," ते म्हणाले. "तुले काहून एवढा राग हाय वं त्या भट्टीचा? धूर होते, वर जाते, संपला. गल्लीतले लोक बी कधी बोलले नाई."

"वर जाते, पन संपत नाई, आबाजी. आमचे सर सांगतात, आजवर जेवढं लाकूड अन् कोळसा जाळला ना जगानं, त्याचा वायू वरच साचून राहिला. दिसत नाई, वास येत नाई, पन जात नाई कुठं. आपल्या रांजणात दिवा विझवते ना, तोच तो. गोधडी पांघरल्यावानी पृथ्वीवर बसते अन् गरम करते तिले."

"अन् तो तुह्या आज्याच्या एका भट्टीनं साचला?" मनोहर खो खो हसला. "वा रे तुहे सर! वैशाखात नागपूर तापते, तेही आमच्याच भट्टीनं म्हना!"

नत्थूजी हसले नाहीत. त्यांच्या मनात आलं ते वेगळंच. धूर वर जातो तो रंभेकडे जातो, असं ते अकरा वर्षं धरून चालले होते. रोज सकाळी भट्टी फुलली की वाटायचं, तिला कळलं असेल, आपला विस्तव अजून आहे म्हणून. आणि ही पोरगी म्हणत होती की तो पोचतच नाही कुठे, इथेच साचून राहतो. त्यांना एकाएकी फार उदास वाटलं.

"रुपराव," ते थोरल्याला म्हणाले, "तू काहून बोलत नाई? तू त माह्याच बाजूचा हायस ना?"

 रुपराव तसा कमी बोलणारा. रंभाबाईला माहेरून मिळालेल्या भिवापूरच्या शेतावरून वर्षाची चार गाड्या लाकडं आणायचं काम त्याच्याकडे होतं.

"बाबा, एक गोष्ट सांगतली नाई तुमाले," शेवटी तो म्हणाला. "शेताच्या धुऱ्यावरचे बाभळी संपून दोन सालं झाले. येनाचे झाडं बी संपले. यंदा गेलो, तं विहिरीजवळचे सात मोहच उरले होते."

"आपले मोह?"

"माह्या मायनं लावलेले. कुऱ्हाड घेऊन उभा राहिलो. सकाळची येळ होती, खाली फुलांचा सडा पडला होता. नाई चालला हात. तसाच आलो परत. हे लाकूड म्या इकत आनलं, बाबा. तुमाले खोटं सांगतलं."

"बापा रे!" मनोहर ताडकन उठून उभा राहिला. "मंग मले सांगाचं ना, भाऊ! मी काय मोह तोडा म्हनतो का? आईचे मोह हायेत ते!" झालं, पारडं इकडून तिकडे गेलं. "बाबा, दिवा पाहून घेऊच. कच्चं निंघालं त ठेवू भट्टी, पन मोहाले हात नाई लावू देनार मी."

नत्थूजी बाजेवर ताठ बसले होते. विहिरीजवळचे मोह त्यांना दिसत होते, डोळे शाबूत होते तेव्हा दिसायचे त्याहूनही स्वच्छ. रंभा ओच्यातून फुलं आणायची. भट्टीत तिचा विस्तव आणि विस्तवात तिचीच झाडं. असं कसं घडू दिलं आपण? पण विस्तव विझवायचा म्हणजे तिला दुसऱ्यांदा स्मशानात नेऊन ठेवल्यासारखं होतं. ती जर रोज दुपारी त्या रांजणातून त्यांच्याशी बोलत होती, तर तिचं ऐकायला नको?

"आना दिवा," ते म्हणाले. "पाहा, अन् खातरी करून घ्या. सुनबाई, भट्टीवरून लावून आन."

ते हट्टानं म्हणाले. दिवा विझणार याची त्यांना पक्की खात्री होती.

गोपिका एवढा वेळ दाराशी उभी होती. ती लगबगीनं पलीकडे गेली, भट्टीच्या निखाऱ्यावर वात धरून पितळी निरांजन लावून आणलं. रांजणात उतरवायची सुतळी तिनंच बांधली आणि ती रांजणापाशीच उभी राहिली. रुपरावनं तिसऱ्या रांजणाचं कापड सोडलं. मनुकांचा वास अंगावर आला आणि नत्थूजींचं नाक आपोआप फुललं. वासाला नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं.

"उतरव," ते म्हणाले.

 सुतळी हळूहळू सुटत गेल्याची बारीक खरखर आली, मग निरांजनाच्या काठाचा रांजणाला लागून टण् असा आवाज.

"विझला?"

"नाई, आबाजी," शामला म्हणाली.  "तेवून राहिला. सरळ, शांत तेवून राहिला!"

"मोठा दिसते मले त," मनोहर म्हणाला.

"खोटं!" नत्थूजी ओरडलेच. "तुमी सारे एक झाले, म्हाताऱ्याले फसवून राहिले. अरे, गप बसा जरा! गप बसा, अन् ऐका! बोलून राहिला तो. आता बोलून राहिला. ऐकू येत नाई का कोनाले?"

सगळे गप्प झाले. गल्लीत कुणीतरी बर्फाच्या गोळ्याची घंटी वाजवत लांब गेलं. वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकत होतं. आणि त्या शांततेत, तिसऱ्या रांजणाच्या बाजूनंच, ते आलं. बारीक शीळ, मग घरघर. सों... सुं...

"हा!" नत्थूजींनी बोट वर केलं. "आता सांगा!"

 रुपरावनं श्वास आत घेतल्याचं त्यांना ऐकू आलं. मग तो आवाज एकाएकी थांबला. कुणीतरी तोंडावर हात दाबावा तसा थांबला.

"काहून थांबला?" नत्थूजींनी विचारलं.

"माय," शामला हळूच म्हणाली, "नको वं दम कोंडू. सोड."

आणि मग तो फुटला, खोकला. कितीतरी दिवसांचा पदरात कोंबून ठेवलेला खोकला, थांबायचं नाव घेईना. रुपराव धावला, मनोहर पाणी आणायला पळाला, आणि खोकल्याच्या प्रत्येक उमाळ्यामागून ती शीळ, ती घरघर. सों सों, सुं सुं.

नत्थूजी बाजेची चौकट घट्ट धरून बसून राहिले. अठ्ठेचाळीस वर्षांचा कान. तिसरा रांजण केव्हाच गप्प झाला होता.

खोकला ओसरल्यावर ते म्हणाले, "दुपारचं तू इथंच पडत होती का, सुनबाई?"

"हो, मामाजी. रांजनामागं, कोपऱ्यात," गोपिका म्हणाली. एकेका शब्दामागे तिला थांबावं लागत होतं. "भट्टीवरून उठलं का उभं नाई राहवत. इथं गार असते. तुमची झोप मोडू नाई म्हनून मुकाट पडून राहत होते."

"कवापासून हाय हे?"

"चार वर्सं झाले असंल."

"डॉक्टर काय म्हनला?"

 शामलाच बोलली, रडत रडत. "धूर सोडा म्हनला. दुसरं औषधच नाई म्हनला. म्या मायची शपथ घेतली होती कोनाले सांगनार नाई म्हनून. म्हनून त्या पराती, आबाजी. मले पृथ्वीचंही वाटते, खोटं नाई सांगत. पन पहिले मायचं वाटते."

"काहून नाई सांगतलं वं मले?" नत्थूजींचा आवाज फाटला. "मी का राक्षस हाय का, सुनबाई?"

"सासूबाईंनी तरी कुठं सांगतलं होतं, मामाजी?" गोपिका म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "आईंचा विस्तव होता. आईंनी सोसलं, मंग म्या कसं नाई म्हनू?"

रंभा याच कोपऱ्यात पडायची. अशीच शीळ, अशीच घरघर. तेव्हा सगळे म्हणाले, दमा आहे, वय झालं, आणि नत्थूजींनी मान डोलावली होती. ज्याचा कान रांजणातला बुडबुडा ओळखायचा त्यानं बायकोची छाती तीन वर्षं ऐकली आणि ती काय म्हणते ते एकदाही ओळखलं नाही. आणि कालपर्यंत इथेच पडून तो आवाज गोड मानून ऐकत होतो! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

ते उठले. भिंत चाचपत दाराशी गेले. रुपराव हात धरायला आला, त्याला त्यांनी बाजूला केलं.

"घागर कुठं हाय?"

"कोनती, बाबा?"

"तिच्या नावाची. आज भरली ती."

"पितरांची घागर हाय ती, बाबा. बामनाले द्याची असते."

"जिची हाय तिले देतो," नत्थूजी म्हणाले. "आन."

रुपरावनं देवघरातून घागर आणली. वरचा आंबा त्यानं काढून खिशात घातला, काय करावं ते न सुचून. नत्थूजी भट्टीपुढे उभे होते. तोंडावर धग लागत होती. त्यांनी घागर दोन्ही हातांनी छातीशी धरली. वाळ्याचा वास आला.

"मामाजी," मागून गोपिका म्हणाली, "आईंचा विस्तव तो. अठ्ठेचाळीस वर्सं..."

"निरांजन तेवते ना अजून?"

"तेवते, आबाजी," शामला म्हणाली. तिनं ते रांजणातून वर काढून हातात धरलं होतं.

"तो तिचाच हाय. फोटोपुढं नेऊन ठेव. एका वातीएवढा पुरे तिले." मग ते खाली बघत, जणू भट्टीत कोणी बसलं आहे अशा आवाजात म्हणाले, "रंभे, पानी पे. लय तहान लागली असंल तुले."

आणि त्यांनी घागर ओतली.

भट्टी एवढ्या जोरात चरचरली की मनोहर दोन पावलं मागे सरला. वाफेचा लोट उठला, छताला लागला, धुराड्यातून निघून गेला. मग चरचर कमी झाली, राखेत कुठेकुठे फुसफुसत राहिली, आणि हळूहळू तीही थांबली. एवढी शांतता त्या घरात कोणी कधी ऐकली नव्हती. गोपिका रडत होती. रिकामी घागर घेऊन नत्थूजी ओल्या राखेपुढे खाली बसले.

"इथं ये, सुनबाई," ते म्हणाले. "माह्याजवळ बस."

ती पदर सावरून थोडं अंतर ठेवून बसली. नत्थूजींनी सवयीनं मान कलती केली, रांजणापाशी करायचे तशी.

"आता दम कोंडू नको," ते म्हणाले. "घे मोकळा. मी ऐकून राहिलो."